ट्रेनिंग थांबलं, आता पुढे काय? विमान कंपनीच्या प्रशिक्षणात नापास झालेल्या वैमानिकासाठी

टाइप रेटिंगच्या (विशिष्ट प्रकारचं विमान उडवण्याच्या पात्रतेच्या) चेकमध्ये, म्हणजे चाचणीत, दुसऱ्यांदा नापास होता, किंवा लाइन ट्रेनिंगच्या, म्हणजे खऱ्या उड्डाणांवरच्या प्रशिक्षणाच्या, फाइलवर ‘प्रगती अपुरी’ असा शेरा येतो. मग एका छोट्या बैठकीत सांगितलं जातं की प्रशिक्षण इथेच थांबवत आहोत. त्या दिवशी सगळंच संपल्यासारखं वाटतं. कागदावर मात्र तसं झालेलं नसतं. कमर्शियल लायसन्स तुमच्याकडेच असतं, इन्स्ट्रुमेंट रेटिंग (फक्त उपकरणं पाहून उडवण्याची पात्रता) असतं, लॉगबुकातले तास कुणी पुसलेले नसतात. एका कंपनीतली एक जागा तेवढी गेलेली असते.

‘मी नापास झालो’ या वाक्यातून पुढच्या कंपनीला काही कळत नाही, तुम्हालाही नाही. कोणत्या टप्प्यावर, कोणत्या कामात, नेमक्या कोणत्या क्षणी तुम्ही मागे पडलात हे कळलं, की त्यावर काम करता येतं आणि ते काम केल्याचा पुरावा समोर ठेवता येतो. खालचे सगळे टप्पे त्या पुराव्याकडे नेणारे आहेत. त्यांचा क्रम शक्यतो मोडू नका.

पहिले दोन दिवस: सही करण्याआधी

बैठकीतच कागद पुढे सरकवले जातात. राजीनाम्याचा तयार मसुदा, बाँडचा (प्रशिक्षणाच्या खर्चाबद्दलच्या कराराचा) हिशेब, ओळखपत्र परत केल्याची पावती. पावतीवर सही करा. बाकीचे कागद वाचायला दोन-तीन दिवस मागा. ही मागणी रास्त आहे, आणि शांतपणे मागितली तर सहसा मान्य होते.

सगळ्यात महागात पडते ती घाईत केलेली राजीनाम्यावरची सही. कंपनीने काढलं तर प्रशिक्षणाचा खर्च परत करावा लागत नाही, पण स्वतःहून सोडलं तर करावा लागतो, असं काही बाँडमध्ये असतं. काहींमध्ये दोन्ही वेळा भरावा लागतो. तुमच्या करारातलं ते कलम शोधा, आणि नोकरीचे करार जाणणाऱ्या वकिलाला एकदा दाखवा. ‘राजीनामा दिला तर रेकॉर्ड स्वच्छ राहतं’ हा सल्ला कुणी ना कुणी देतोच. तो खरा नाही. प्रशिक्षणाची आणि चेकची नोंद वेगळी असते. तुम्ही कोणत्या दाराने बाहेर पडलात यावरून ती बदलत नाही.

याच दोन दिवसांत आणखी एक गोष्ट विचारा: निर्णयाचा फेरविचार होतो का, आणि त्यासाठी मुदत किती? ऑपरेशन्स मॅन्युअलच्या प्रशिक्षणाच्या भागात जादा सत्रं, इन्स्ट्रक्टर बदलणं, रिव्ह्यू बोर्ड याबद्दल काय लिहिलंय ते पाहा. फेरविचाराचा अर्ज करायचा असेल तर त्यात तारखा आणि नोंदी मांडा. दोन सत्रांमध्ये तीन आठवड्यांचं अंतर पडलं, सहा सत्रांना पाच वेगळे इन्स्ट्रक्टर होते, सिम्युलेटर बिघडल्यामुळे अमुक सत्र अर्ध्यावर थांबलं आणि भरून दिलं नाही, असे मुद्दे बोर्डाला तपासता येतात. ‘अमुक इन्स्ट्रक्टरचा माझ्यावर राग होता’ हे तपासता येत नाही, आणि त्याने बाकीच्या खऱ्या मुद्द्यांचंही वजन जातं.

कागद गोळा करा, आणि आजच

कंपनीच्या टॅबलेटवरचा प्रवेश बऱ्याचदा त्याच संध्याकाळी बंद होतो. म्हणून लेखी अर्ज करून हे मागून घ्या: प्रत्येक सिम्युलेटर सत्राची ग्रेडशीट (गुण आणि शेऱ्यांचा कागद), चेकचा फॉर्म, लाइन ट्रेनिंगची फाइल सेक्टरच्या (एकेका उड्डाणाच्या) यादीसह, ग्राउंड स्कूल पूर्ण केल्याचं प्रमाणपत्र, आणि सिम्युलेटरच्या तासांवर अधिकृत सही. कंपनीची मॅन्युअल्स मात्र कॉपी करून नेऊ नका. ती तुमची नाहीत, आणि त्यावरून उगाच नवा वाद उभा राहतो.

अमेरिकेत वैमानिकांच्या नोंदींचा मध्यवर्ती डेटाबेस आहे. त्याचा अंतिम नियम २०२१ मध्ये आला. तिथे तुम्हाला स्वतःची नोंद पाहता येते आणि चुकीची असेल तर दुरुस्ती मागता येते. अर्ज करण्याआधी ती पाहाच. पुढची कंपनी जे वाचणार आहे ते तुम्ही आधी वाचलेलं असलं पाहिजे.

फाइल वाचायची कशी

आठवडाभर जाऊ द्या, झोप नीट होऊ द्या, मग बसा. सगळ्या ग्रेडशीट तारखेप्रमाणे लावा. एका कागदावर चार रकाने आखा: सत्र, शेरा, क्षमता, आणि ‘आधीचं मिनिट’.

तिसऱ्या रकान्यासाठी आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने मांडलेल्या क्षमता वापरा, कारण बहुतेक कंपन्यांची ग्रेडिंग पद्धत त्यांवरच उभी आहे: कार्यपद्धती पाळणं, संवाद, ऑटोमेशन वापरून विमानाचा मार्ग सांभाळणं, हाताने उडवून तो सांभाळणं, नेतृत्व आणि संघभावना, अडचण सोडवून निर्णय घेणं, परिस्थितीचं भान, कामाचा भार पेलणं, आणि ज्ञान कामात आणणं. प्रत्येक शेऱ्यासमोर यांतली एकच क्षमता लिहा. दोन लिहाव्याशा वाटल्या तर आधी कोसळली ती लिहा.

चौथा रकाना सगळ्यात जास्त शिकवतो. ग्रेडशीटवर जे दिसलं ते लिहिलेलं असतं, मूळ चूक बहुधा त्याच्या आधी घडलेली असते. समजा शेरा आहे, ‘१००० फुटांवर अप्रोच स्थिर नाही, गो-अराउंड उशिरा’. म्हणजे उतरायला येताना वेग-उंची बसली नव्हती, आणि उतरणं सोडून पुन्हा वर जायला उशीर झाला. आधीचं मिनिट आठवा, मग त्याच्या आधीचं. धावपट्टी १० मैलांवर होती, उंची ४००० फूट. दर १००० फुटांना साधारण ३ मैल हा हिशेब धरला तर उंची सहा-सातशे फुटांनी जास्तच होती, शिवाय वेग कमी करायला लागणारे दोन-तीन मैल वेगळे. आणि त्या क्षणी तुम्ही मान खाली घालून बदललेल्या धावपट्टीचा अप्रोच कॉम्प्युटरमध्ये भरत होता. म्हणजे दोष लँडिंगचा नाही, कामाचा भार वाटून घेण्याचा आहे. यावर लँडिंगचा सराव करून काहीच सुधारणार नाही. कितीतरी जण महिनोन्‌महिने चुकीच्या गोष्टीचा सराव करतात ते इथेच चुकल्यामुळे.

टाइप रेटिंगमध्ये बहुतेक जण कुठे अडकतात

व्ही-१ नंतर, म्हणजे टेकऑफ थांबवता येत नाही त्या वेगानंतर, इंजिन बंद पडणं. याच्याकडे जरा जवळून पाहू, कारण बहुतेक सगळे दोष या एका मिनिटात दिसतात.

धावताना इंजिन जातं, नाक बंद इंजिनाकडे वळतं. रडरच्या (शेपटीवरच्या, दिशा सांभाळणाऱ्या पट्टीच्या) पेडलवर पाय हवा तेवढाच आणि वेळेवर द्यायचा. उमेदवार घाबरून जास्त रडर देतो, नाक उलट बाजूला जातं, मग तो पाय सैल करतो, आणि विमान धावपट्टीवर नागमोडी जातं. रोटेशन (नाक वर उचलणं) नेहमीपेक्षा किंचित सावकाश करायचं असतं. ए-३२० वर एका इंजिनवर सुरुवातीचं लक्ष्य साधारण १२.५ अंश पिच (नाकाचा कोन) असतं. इथे दुसरी चूक होते. जमीन सुटताच पायाचं काम हाताने करायला जातो, म्हणजे रडर कमी पडलेला असतो आणि पंख सरळ ठेवण्यासाठी साइडस्टिक (हाताची दांडी) एका बाजूला ढकललेली असते. पंखावरचे स्पॉयलर उघडतात, ओढ वाढते, चढ घटतो. तिसरी चूक म्हणजे घाई. ४०० फुटांपर्यंत विमान उडवणं, चाकं वर घेणं आणि इशाऱ्याचा आवाज बंद करणं याखेरीज काही करायचं नसतं. तरी उमेदवार २०० फुटांवरच बिघाडाचं नाव वाचायला लागतो आणि दिशा दहा अंशांनी सुटते. युरोपीय चेकमध्ये इंजिन बंद असताना दिशेची मर्यादा ±१० अंश असते, उंचीची ±१०० फूट, वेगाची +१० ते −५ नॉट. रडर ट्रिम करायचं (पायावरचा जोर काढून घ्यायचं) राहिलं तर पाय थरथरायला लागतो, आणि ऑटोपायलट लावायला उशीर झाला की डोक्यात विचाराला जागाच उरत नाही.

आता तिसऱ्या रकान्यात काय लिहाल? पाय चुकला असेल तर ‘हाताने उडवणं’. ४०० फुटांआधी बिघाडाची यादी (चेकलिस्ट) सुरू केली असेल तर ‘कार्यपद्धती’. ट्रिम आणि ऑटोपायलट राहून गेलं असेल तर ‘कामाचा भार’. घटना तीच, पण औषधं तीन.

दुसरी नेहमीची अडचण म्हणजे फ्लाइट डायरेक्टरशिवाय (कुठे वळायचं ते दाखवणाऱ्या पट्ट्यांशिवाय), म्हणजे रॉ डेटावर, केलेला आयएलएस (रेडिओ संकेतांवर धावपट्टीकडे उतरणं). नजर लोकलायझरच्या (डावी-उजवी दिशा दाखवणाऱ्या) सुईवर खिळते, तिचा पाठलाग सुरू होतो, पिच सुटतो, वेग मागोमाग सुटतो. नजर दर वेळी कृत्रिम क्षितिजावर परत आली पाहिजे. सुया बघायच्या त्या तिथून निघून तिथेच परतण्यासाठी.

तिसरी गोष्ट कमी बोलली जाते. अनेकांना पायलट मॉनिटरिंग (स्वतः न उडवता जोडीदारावर आणि विमानावर नजर ठेवणारा वैमानिक) म्हणून गुण कमी पडतात. सिम्युलेटरच्या चार तासांतला निम्मा वेळ तुम्ही मॉनिटरिंगच करत असता. जोडीदाराचा वेग १० नॉट वाढला आणि तुम्ही गप्प राहिलात तर चूक दोघांची धरली जाते. ‘स्पीड’ एवढा एक शब्द वेळेवर उच्चारणं हे सुद्धा कौशल्य आहे, आणि तेही तासन्‌तास घोटावं लागतं.

लाइन ट्रेनिंगमध्ये चित्र वेगळं असतं. तिथे इंजिनं बंद पडत नाहीत, पण वेळ कमी असतो, रेडिओवर बोलणं वेगाने येतं, वारा खरा असतो. फ्लेअर (टेकण्याआधी नाक हलकेच उचलणं) हा तिथला मोठा अडथळा. सिम्युलेटरमध्ये शेवटच्या ३० फुटांत जमिनीची खोली खऱ्यासारखी जाणवत नाही, म्हणून तिथे जमलेलं लँडिंग खऱ्या विमानात जमेलच असं नाही. बहुतेकांची नजर टचडाउनच्या जागेवर अडकून राहते. ती फ्लेअर सुरू होताना धावपट्टीच्या दूरच्या टोकाकडे न्यायची, तरच विमान किती वेगाने खाली बसतंय ते कळतं.

कधी कारण कॉकपिटच्या बाहेरचं असतं: सलग रात्रीची सत्रं, कर्जाचा ताण, घरातलं आजारपण. तेही लिहा. पण त्याचं आता काय झालंय हेही लिहा, कारण पुढची कंपनी तेच विचारणार आहे. झोप लागत नसेल, मन उठत नसेल, तर डॉक्टरांकडे जा आणि कोणतंही औषध सुरू करण्याआधी विमानवैद्यक तपासणीच्या डॉक्टरांना विचारा. झोपेच्या साध्या गोळीनेही मेडिकलचा प्रश्न उभा राहू शकतो. वैमानिकांसाठी सहकारी आधार योजना अनेक ठिकाणी आहेत. युरोपात २०२१ पासून विमान कंपन्यांना ती सोय देणं बंधनकारक आहे.

तारखांची वही

एका पानावर लिहा: मेडिकल कधी संपतं, इन्स्ट्रुमेंट रेटिंग कधी, थिअरीच्या पेपरांची मुदत कधी, इंग्रजीची पातळी कधी. युरोपीय पद्धतीत इन्स्ट्रुमेंट रेटिंग एक वर्ष टिकतं, मल्टिपायलट विमानाचं टाइप रेटिंगही एक वर्ष. एटीपीएलची (विमान कंपनीच्या वैमानिकाच्या लायसन्सची) थिअरी कमर्शियल लायसन्स आणि इन्स्ट्रुमेंट रेटिंग मिळवण्यासाठी ३६ महिने चालते. तुम्ही स्किल टेस्ट (टाइप रेटिंगची चाचणी) पास होऊन लाइन ट्रेनिंगमध्ये थांबला असाल, तर टाइप रेटिंग लायसन्सवर चढलेलं असू शकतं. मग परिस्थिती बरीच चांगली आहे, फक्त घड्याळ चालू आहे. रेटिंग संपू देऊ नका. मुदतीत नूतनीकरण करायला एक चेक पुरतो, मुदत उलटली की आधी प्रशिक्षण आणि मग चेक, असं दुप्पट काम होऊन बसतं.

दुरुस्ती: आठ आठवडे

पहिला मोह होतो तो स्वतःच्या खर्चाने दुसरं टाइप रेटिंग घेण्याचा. आमचं मत स्पष्ट आहे: नोकरीचं पत्र हातात नसताना ते घेऊ नका. तासांशिवायचं टाइप रेटिंग वर्षभरात शिळं होतं, आणि मूळ दोष तसाच राहिला असेल तर दुसऱ्या विमानावरही तो तिथेच अडवतो.

त्याऐवजी साधा इन्स्ट्रुमेंट ट्रेनर (उपकरणांवर उडवण्याच्या सरावाचं यंत्र) भाड्याने घ्या, आठवड्यातून एकदा दोन तास, आठ आठवडे. इन्स्ट्रक्टर शक्यतो विमान कंपनीत शिकवलेला असावा, आणि पहिल्या दिवशी त्याच्यापुढे तुमचा चार रकान्यांचा कागद ठेवा. दोष हाताने उडवण्यात असेल तर प्रत्येक सत्रात रॉ डेटावर चार अप्रोच करा, त्यातले दोन एका इंजिनवर, एक गो-अराउंडसह. प्रत्येक अप्रोचनंतर तीन आकडे टिपा: वेग जास्तीत जास्त किती सुटला, सुई किती सरकली, मिनिमापाशी (उतरायचं की नाही हे ठरवण्याच्या जागी) उंची किती होती. निम्म्या स्केलपलीकडे सुई गेली की तो अप्रोच जमलेला मोजायचा नाही. आठ आठवड्यांनी तुमच्याकडे ३२ अप्रोचचा तक्ता असेल. तो मुलाखतीत बोलतो.

मधल्या दिवसांत घरी रोज अर्धा तास चेअर फ्लाइंग. कॉकपिटचं चित्र भिंतीवर, हात खऱ्या जागी, कॉलआउट मोठ्याने. मनातल्या मनात केलेला सराव फारसा कामाचा नाही, कारण अडखळतं ते तोंड आणि हात. आठवड्यातून दोनदा जोडीदारासोबत करा, आणि निम्मा वेळ तुम्ही मॉनिटरिंग करा.

शेवटी त्या इन्स्ट्रक्टरकडून एका पानाचा लेखी अहवाल घ्या. सुरुवातीला काय होतं, आता काय आहे, एवढंच. स्तुती नको.

अर्ज आणि मुलाखत

‘कधी कोणत्या चेकमध्ये किंवा प्रशिक्षणात नापास झाला आहात का?’ हा प्रश्न फॉर्मवर असतो. खरं उत्तर द्या, दर वेळी, सगळ्या प्रसंगांसह. फेब्रुवारी २००९ मध्ये बफेलोजवळ झालेल्या अपघातानंतर अमेरिकेत वैमानिकांच्या जुन्या नोंदी पाहण्याबद्दलचा कायदाच बदलला. फेब्रुवारी २०१९ मध्ये टेक्सासमध्ये कोसळलेल्या मालवाहू ७६७ च्या चौकशीतही प्रशिक्षणातलं अपयश लपवल्याचा मुद्दा पुढे आला. नापास होणं कंपन्या समजून घेऊ शकतात. लपवलेलं सापडलं तर दार कायमचं बंद होतं, आणि नोकरी लागल्यावर सापडलं तर ती जाते.

उत्तर तीन भागांत द्या, मिनिटभरात. काय झालं: ‘सातव्या सत्रात आणि फेरचाचणीत, इंजिन बंद असताना ४०० फुटांआधीच मी यादी सुरू केली, दिशा सुटली.’ का झालं: ‘वर्कलोड वाढला की मी घाईने काम उरकायला जात होतो, आधीच्या तीन ग्रेडशीटवरही तेच आहे.’ त्यावर काय केलं: ‘१६ तास, ३२ अप्रोच, हा तक्ता, हा अहवाल.’ जुन्या कंपनीबद्दल वाईट एक शब्द नको. रडगाणं नको, फुशारकी नको. समोरचे बहुधा स्वतः प्रशिक्षक असतात, त्यांना या भाषेतलं उत्तर लगेच समजतं.

तोवर कुठे उडायचं

इन्स्ट्रक्टरचं काम आम्ही सगळ्यात वर ठेवतो. दुसऱ्याची चूक होताना आधी ओळखायची सवय लागते, आणि तीच तर मॉनिटरिंग. युरोपीय पद्धतीत विमानाच्या इन्स्ट्रक्टर कोर्सला ३० तास उड्डाण आणि १२५ तास वर्ग असतो. सुरुवातीला देखरेखीखाली शिकवावं लागतं. त्याखालोखाल टर्बोप्रॉप, लहान मालवाहतूक, हवाई सर्वेक्षण. तिथे हाताने उडवणं भरपूर असतं, म्हणून रॉ डेटा हा दोष असलेल्याला फायदा होतो. संवाद किंवा कामाचा भार हा दोष असेल तर एकट्याच्या कॉकपिटने तो सुधारत नाही. त्यांनी दोन वैमानिकांचं विमान शोधावं, जागा मिळायला वेळ लागला तरी.

कॉकपिट सोडायचं ठरवलं तरी तुमचं शिक्षण वाया जात नाही. फ्लाइट डिस्पॅचर इंधन, मार्ग, पर्यायी विमानतळ, हवामान ठरवतो. अमेरिकेत प्रत्येक नियोजित एअरलाइन उड्डाणाची जबाबदारी कॅप्टन आणि डिस्पॅचर यांची एकत्र असते. तिथे कोर्स किमान २०० तासांचा, आणि प्रमाणपत्रासाठी वय २३ लागतं. उड्डाण डेटा विश्लेषण, सुरक्षा विभाग, क्रू नियोजन आणि ऑपरेशन्स कंट्रोल इथेही लायसन्स असलेल्या माणसाला मान असतो, कारण त्याला ‘१००० फुटांवर अस्थिर’ म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही. हवाई वाहतूक नियंत्रणात जायचं असेल तर वयाची अट आधी तपासा. अमेरिकेत अनुभव नसलेल्या उमेदवाराचं वय अर्जाच्या वेळी ३१ च्या आत असावं लागतं.

पुन्हा टाइप रेटिंग मिळालं तर

पहिल्या आठवड्यातच ट्रेनिंग विभागाला तुमचा कागद द्या आणि सांगा की याच जागी मी मागे पडतो. सिम्युलेटरच्या जोडीदाराबरोबर प्रत्येक सत्राआधी दोन तास चेअर फ्लाइंग ठरवून टाका. डिब्रीफ (सत्रानंतरची चर्चा) संपल्यावर दहा मिनिटांत स्वतःच्या शब्दांत तीन ओळी लिहा आणि इन्स्ट्रक्टरला दाखवा, म्हणजे तुम्ही ऐकलेलं आणि त्याने सांगितलेलं एकच आहे का ते कळेल. आणि दोन सलग सत्रांत गुण जेमतेम पडले, तर तिसऱ्याची वाट पाहू नका. त्याच दिवशी ट्रेनिंग मॅनेजरला लेखी विचारा की जादा सत्र कधी मिळेल.